आधी नाव, मग गोळी

मी संशयी माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. तेलंगणात, आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरला हायवेच्या कडेला माझं किराणा दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी चालवतो. हळदीत काय मिसळतात, तुरीच्या डाळीत कोणती डाळ घालतात, जिऱ्याच्या पोत्यात तळाला काय भरतात, हे माझ्या नाकाला आणि बोटांना कळतं. एजंट गाडीतून उतरला की मी आधी त्याच्या हाताकडं पाहतो, मग तोंडाकडं. इतकी वर्षं असं वागलं की माणूस घरातही तसाच होतो. माझी बायको मंदा म्हणते, "तुमी तं देवाच्या प्रसादाचा बी वास घेऊन पाह्यता." खोटं नाही ते.

असा माणूस दवाखान्यात भरती झाल्यावर काय होतं, ते इथं लिहिलं आहे. आता मी बरा आहे, दुकानात बसतो, जिना चढतो. पण ज्यांच्या घरचं कुणी आज वॉर्डात पडलेलं आहे, त्यांनी हे वाचावं असं वाटतं. कोणतं औषध कशावर चालतं ते डॉक्टर सांगतील. ते औषध नेमकं आपल्याच माणसाच्या अंगात जातंय की नाही, हे पाहायला मात्र आपणच तिथं असतो.

हा फोटो माझाच कशावरून?

खोकला होता, ताप होता. गावातल्या डॉक्टरांनी सुया दिल्या, ताप उतरला, पुन्हा चढला. मी म्हणालो, त्यांच्या औषधातच दम नाही. दुकान बंद केलं नाही. मग एका सकाळी तेलाचा डबा उचलला आणि श्वासच पुरेना. तिथंच पोत्यावर बसलो. मंदानं रेखाला फोन लावला. रेखा आमची मुलगी, नेरडीगोंड्याला शाळेत शिकवते. ती गाडी घेऊनच आली आणि मला काही न विचारता आदिलाबादला नेलं.

एका खाजगी दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला. उजव्या बाजूला खाली पांढरं धुकं दिसत होतं.

"निमोनिया आहे," ते म्हणाले. "पाणीही धरलंय थोडं. भरती व्हावं लागेल."

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा, "हा फोटो माझाच कशावरून?"

रेखानं कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. त्यांनी फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं माझं नाव होतं, इथल्या पद्धतीनं आडनाव आधी आणि नाव मागून. "नाव वाचा. आम्हीपण तेच वाचतो," ते म्हणाले.

मी वाचलं. पण खरं सांगतो, आत कुठंतरी वाटत होतं की फोटो बदलला असावा. कारण तो माझा नसता तर मी घरी गेलो असतो. माझ्या संशयात त्या दिवशी भीतीच जास्त होती, हे मला फार नंतर कळलं.

नाव विचारणारी पोरगी

वॉर्डात सहा-सात खाटा होत्या. माझी खिडकीजवळ. हाताला सुई टोचून ठेवलेली, त्यातून सलाईन आणि इंजेक्शनं जायची. नाकाला ऑक्सिजनची नळी. मंदा खाटेखाली चटई टाकून असायची.

दिवसाच्या ड्युटीला स्वरूपा नावाची सिस्टर होती. मंचेरियलची पोर, बाप कोळशाच्या खाणीत. तेलुगू तिची मायबोली, आमच्याशी हिंदीत बोलायची, मधेमधे मराठीचा एखादा शब्द टाकायची. पहिल्याच दिवशी औषधाचा ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, नाम बोलो. पूरा नाम."

सांगितलं. गोळी दिली. दुपारी पुन्हा आली, "बाबा, नाम बोलो."

"सकाळी तर सांगितलं!"

"फिर बोलो."

संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. माझं डोकं फिरलं. दुकानात रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी त्याचं नाव विचारलं तर तो चिल्लर फेकून निघून जाईल. मला वाटलं, या पोरीचं लक्ष ठिकाणावर नाही, किंवा हिला मी कुणी तोतया वाटतो. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "माझं नाव जिल्हा कलेक्टर."

बाजूचे हसले. ती हसली नाही. गोळ्यांची वाटी परत ट्रेमध्ये ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "कलेक्टर साब की गोली मेरे पास नहीं है." आणि पुढच्या खाटेकडं वळली. शेवटी मंदानंच मला कोपरानं ढोसलं, "काऊन त्या पोरीले सतावून राह्यले? सांगा ना सरळ." नाव सांगितलं तेव्हा गोळी मिळाली.

मीही माझं सुरू केलं. तिनं सुटी गोळी हातावर ठेवली की मी पाकीट मागायचो. रिकामी पाकिटं उशीखाली जमवायचो. एक दिवस पांढऱ्या गोळीच्या जागी पिवळी आली, मी तोंड मिटूनच घेतलं. ती खाली मेडिकलमध्ये जाऊन जुनं आणि नवं, दोन्ही पाकिटं घेऊन आली आणि माझ्यासमोर धरली. औषध एकच, कंपनी वेगळी. मी म्हणालो, "हळदही एकच असते, पुड्या वेगळ्या असतात." ती म्हणाली, "पूछो बाबा, रोज पूछो. लेकिन नाम भी बोलो."

तिचं हे बोलणं मला आवडलं नाही. माझ्यावर तिनं माझ्याच तोडीचा संशय घ्यावा, हे मला सहन होत नव्हतं.

मंदाची मान

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मंदा माझं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. घरात मी "अवो" आणि बाहेर "रेखाचे बाबा". आमच्याकडं तिच्या वयाच्या बहुतेक बाया अशाच आहेत. मला यात कधी काही वाटलं नाही, उलट थोडं बरंच वाटायचं.

मग रेशनच्या दुकानात, बँकेत, तहसीलीच्या मंडल ऑफिसात काय होतं? समोरचा विचारतो, नवऱ्याचं नाव? मंदा लाजून हसते, जमिनीकडं पाहते. तो वैतागून कागदावरचं नाव स्वतःच मोठ्यानं वाचतो. मंदा मान डोलवते. काम होतं. सगळ्या ऑफिसांना ही पद्धत ठाऊक आहे. जन्मभर ती अशी मान डोलवत आली आहे, आणि आजवर कुणी चुकीचं नाव वाचलं नाही.

दवाखान्यात तिच्यावर ही पाळी आली नव्हती. भरतीच्या वेळी रेखानं सगळं सांगितलं आणि नंतर स्वरूपा मलाच विचारायची.

खाटांची अदलाबदल

माझ्या खिडकीजवळच्या खाटेवरून सिस्टरांचं टेबल दिसत नव्हतं. त्या तिथं औषधं काढतात, सिरिंज भरतात, आणि मला काहीच दिसू नये? दाराजवळच्या खाटेवरून सगळं दिसत होतं. त्या खाटेवर मारोती होता. भाजीवाला माणूस, वांगी-टमाटर पिकवणारा. साखरेमुळं पायाचं बोट चिघळलेलं. त्याला दोन्ही जेवणांआधी पोटात इन्सुलिनची बारीक सुई मिळायची. त्याचं गाऱ्हाणं उलटं होतं, दाराजवळ येण्याजाण्याचा त्रास होतो, हवा लागत नाही.

एका रात्री, स्वरूपाची ड्युटी संपून जेवणं-औषधं झाल्यावर तोच म्हणाला, "भाऊ, तुमची खिडकी मले द्या अन् माझा दरवाजा तुमी घ्या. दोघायचंबी काम होते."

झालं. आमच्या दोघांच्या बायकांनी चादरी उचलल्या, थर्मास उचलला, चपला उचलल्या, माझा ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत नेला. शेजारधर्मात अशा गोष्टी कुणाला विचारून करत नाहीत. लग्नघरात गाद्या बदलाव्या तसं बदललं. फक्त खाटेच्या पायथ्याला अडकवलेले औषधांचे कागद कुणी हलवले नाहीत. ते दवाखान्याचे, दवाखान्याच्या कागदाला आपण कशाला हात लावायचा, असं दोन्ही बायकांनी ठरवलं. तहसीलीत आणि ऑफिसात आम्ही लहानपणापासून हेच शिकलो, कागदाला हात लावायचा नाही.

मी नव्या खाटेवर पडलो. टेबल दिसत होतं, सिस्टरांचे हात दिसत होते. मी समाधानानं डोळे मिटले.

ज्या दिवशी मी पाहत नव्हतो

दुसऱ्या दिवशी स्वरूपाची सुट्टी होती. तिच्या जागी वरच्या मजल्यावरून एक नवी सिस्टर आली. सकाळीच मला ताप चढला होता. अर्धवट गुंगी होती, बोललेलं लांबून ऐकू यायचं. इतक्या दिवसांत जिथं खरंच संशय घ्यायला हवा होता, नेमका तिथं मी झोपलेला होतो.

पुढचं मंदानं मला नंतर सांगितलं. जेवणाच्या वेळेआधी नवी सिस्टर आली. वॉर्डात भेटीला आलेल्यांचा गलका होता, कुणाचं तरी लेकरू रडत होतं. तिनं मला हाक मारली, मी नुसता हुंकार दिला. मग तिनं मंदाला तेलुगूत नाव विचारलं. मंदा हसली, खाली पाहिलं. सिस्टर घाईत होती. तिनं पायथ्याचा कागद उचलला, त्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "हेच ना?"

मंदानं मान डोलवली.

"तू ऐकलं नाही का कोणतं नाव घेतलं ते?" मी नंतर तिला विचारलं.

"ऐकतच नाई ना मी," ती म्हणाली. "तुमचं नाव कोणी घ्याले लागलं का मी कान दुसरीकडं करतो. तशी सवयच हाये."

पोटाला बारीकशी सुई टोचल्याचं मला अंधुक आठवतं. माझी इंजेक्शनं तर हातातल्या सुईतून जायची. पोटात कशाला, असा प्रश्न मनात उठला आणि तापात विरून गेला.

घाम

थोड्या वेळानं जाग आली ती छातीतल्या धडधडीनं. हात थरथरत होते. पोटात खड्डा पडल्यासारखी भूक, आणि घाम असा की उशी ओली झाली. समोरचं टेबल एकाचं दोन दिसायला लागलं. मला मंदाला सांगायचं होतं की यांनी मला काहीतरी दिलंय, पण जीभ वळत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा माझा संशय शंभर टक्के खरा होता आणि तो मला बोलून दाखवता येत नव्हता. मी मरतोय असं मला वाटलं. रेखाचा चेहरा आठवेना, त्याचं भय जास्त वाटलं.

मंदा पदरानं घाम पुसत होती. ती सिस्टरला म्हणाली, "घाम काऊन इतका येऊन राह्यला?" सिस्टरला वाटलं ताप उतरतोय. तापात घाम येतोच.

तेवढ्यात जेवणाची गाडी आली. आणि खिडकीजवळून मारोती ओरडला, "सिस्टर, जेवण आलं, पण माझी पोटातली सुई राह्यली ना!"

मंदा सांगते, त्या पोरीचं तोंड पांढरं पडलं. ती हातातला ट्रे तिथंच ठेवून माझ्याकडं धावली. बोटाला टोचून साखर तपासली, डॉक्टरांना हाक मारली, हातातल्या सुईतून ग्लुकोज सोडलं. हळूहळू टेबल पुन्हा एक झालं. ती माझ्या उशाशी उभी होती. डोळे भरलेले होते, पण ती पळाली नव्हती.

"बाबा, गलती मेरी है," ती म्हणाली. "आपको दूसरे का इंजेक्शन दे दिया. इन्सुलिन. तप्पु नादि." चूक माझी, असं तेलुगूतही म्हणाली. आता दर थोड्या वेळानं साखर तपासेन, असं सांगून ती खरंच तशी तपासत राहिली.

मला साखरेचा आजार नाही. इन्सुलिन माझ्या अंगात जायला नको होतं. मारोतीनं तोंड उघडलं नसतं, किंवा ती पोरगी नोकरीच्या भीतीनं गप्प बसली असती, तर हे लिहायला मी नसतो.

इतकं खरं कोण बोलतं?

संध्याकाळी रेखा आली ती पेटूनच. गावातून दोन पुतण्यांचे फोन, जीप भरून येतो, काचा ठेवत नाही. डॉक्टर माझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसले आणि काय झालं, कसं झालं, सगळं सरळ सांगितलं. खाटा बदललेल्या त्यांना ठाऊक नव्हत्या. पण तोही बचाव त्यांनी केला नाही. "खाट बदलली तरी नाव पेशंटकडून घ्यायला पाहिजे होतं. ते आमचं काम," ते म्हणाले.

मला यातही काळंबेरं दिसलं. माल खराब निघाला की व्यापारी आधी वाहतुकीवर ढकलतो, मग पावसावर, मग हमालावर. माझाच माल खराब होता म्हणणारा मी आजवर पाहिला नाही. इतकं खरं बोलतायत म्हणजे आत आणखी काहीतरी मोठं झाकलेलं असणार. मी रेखाला म्हणालो, "मला नागपूरला ने. इथं पाणीसुद्धा पिणार नाही मी."

डॉक्टर म्हणाले, "नेऊ शकता. पण छातीतलं पाणी वाढलंय. उद्या ते काढावं लागेल. या श्वासावर इतका प्रवास मला धोक्याचा वाटतो."

रेखा माझ्याकडं पाहत राहिली. तिला वाटत होतं बाबांनीच काय ते ठरवावं. मला ठरवता येत नव्हतं. गेलो तर वाटेत श्वास जाईल, राहिलो तर कोण कोणती सुई टोचेल कुणास ठाऊक. मी पुतण्यांना येऊ नका म्हणून सांगायला लावलं, तेवढं एकच काम त्या संध्याकाळी धड केलं.

मंदा जेवली नव्हती. भिंतीकडं तोंड करून बसली होती. मला तिचा राग आला होता, आणि आजारी माणसाचा राग घरच्यावरच निघतो.

"नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती काय तुझी?" मी म्हणालो.

 ती भिंतीकडंच पाहत म्हणाली, "आमच्या मायनं सांगतलं होतं, धन्याचं नाव तोंडातून काढलं तं त्याचं आयुष्य कमी होते. म्हणून नाई घेत मी. दुसरं काई नाई."

 इतकी वर्षं मी समजत होतो की ती मला मान देते. ती तर माझं आयुष्य राखत बसली होती. मी हात पुढं केला, तिनं तो धरला, आणि मला रडू आलं. रेखा बाहेर निघून गेली.

स्वरूपाची अट

सकाळी स्वरूपा कामावर आली. तिला सगळं कळलं होतं. मी तिला म्हणालो, राहतो, पण माझी अट आहे. प्रत्येक औषधाच्या वेळी आधी नाव विचारायचं आणि औषध कशाचं ते सांगायचं.

"वो तो पहले से है, बाबा," ती म्हणाली. "उसी पर तो आप रोज चिढते थे."

मी कलेक्टर झालो होतो ते मला आठवलं.

मग तिनं तिची अट घातली. अमुक तुमचंच नाव का, असं ती कधीच विचारत नाही, कारण दुखणाऱ्या माणसाला आणि घाबरलेल्या घरच्यांना 'हो' म्हणायची घाई असते. ती नाव त्यांच्याच तोंडून घेते. पण आज छातीत सुई घालायची, तोंडाला मास्क असेल, गुंगीचं औषध असेल, बाबा बोलू शकणार नाहीत. रेखाची शाळेत परीक्षा होती, ती दुपारीच येणार होती. म्हणून स्वरूपानं मंदाकडं पाहिलं. "अम्मा बोलेगी."

मंदानं जमिनीकडं पाहिलं.

"मनगटावर आज पट्टी पण बांधते मी, नाम लिखके," स्वरूपा म्हणाली. "लेकिन पट्टी भी गलत बंध सकती है. आदमी घर का बोले तो पक्का."

तिनं माझ्या मनगटावर पट्टी बांधली. मी ती वाचली. मग मंदाला वाचायला दिली. मंदा तिसरी शिकलेली आहे, अक्षरं लावते. ती पट्टीवर बोट फिरवत राहिली, पण ओठ हलले नाहीत.

मास्क

मला छोट्या खोलीत नेलं. मंदाला पडद्याजवळ उभं केलं. मास्क लावला. स्वरूपा भरलेली सिरिंज ट्रेमध्ये घेऊन आली, डॉक्टर हातमोजे घालून तयार.

"पेशंट का नाम?" स्वरूपानं मंदाला विचारलं.

मंदा हसली नाही, पण खाली पाहिलं. "रेखाचे बाबा," ती म्हणाली.

"वो नहीं, अम्मा."

डॉक्टर घड्याळाकडं पाहत होते. स्वरूपानं सिरिंज उचललीच नाही. तिनं वाचून दाखवलं असतं तर मंदानं मान डोलवली असती आणि काम झालं असतं. मी मास्कच्या आतून मंदाकडं पाहत होतो. मला बोलता येत नव्हतं. मला भीती वाटत होती की ती नाहीच म्हणणार, आणि तिला भीती वाटत होती की म्हटलं तर मी जाईन. आम्ही दोघं एकाच गोष्टीला घाबरत होतो.

मंदानं पदर डोक्यावरून घेतला. डोळे मिटले.

"गंगाधर," ती म्हणाली.

आवाज फुटला नव्हता. स्वरूपा थांबलेली. मंदानं डोळे उघडले, माझ्याकडं सरळ पाहिलं आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "गंगाधर किसन उमरे! गुडीहत्नूरचे! हेच हायत ते!"

स्वरूपानं पट्टी पाहिली, सिरिंज उचलली. पण मंदानं तिचा हात धरला.

"थांब बाई," ती म्हणाली. "हे कायचं औषध हाये, ते सांग आधी."

मास्कमध्ये मला हसू आलं आणि श्वास अडकला. त्यानंतरचं काही आठवत नाही.

चहा

पाणी निघालं, ताप गेला, नळी निघाली. नवी सिस्टर रोज येऊन विचारपूस करून जायची. मला तिच्याबद्दल राग उरला नाही. डॉक्टर तिला कामावरून काढतील असं मला वाटलं होतं, त्यांनी काढलं नाही, वॉर्डातली पद्धत मात्र बदलली. आता खाट बदलायची तर सिस्टरच बदलते आणि कागद माणसाबरोबर जातो. हे मी स्वतः दाराजवळ बसून पाहिलं. नुसत्या सांगण्यावर मी विश्वास ठेवलेला नाही.

तुमच्या घरचं कुणी भरती असेल तर एवढंच करा. सिस्टरनं शंभरदा नाव विचारलं तर शंभरदा सांगा, चिडू नका. न विचारता सुई पुढं आली तर हात मागं घ्या. मान डोलवू नका, तोंडानं बोला. आणि माझ्यासारखी टेबल दिसावं म्हणून खाट बदलू नका.

घरी आलो तेव्हा गोळ्या बरेच दिवस चालू होत्या. मंदा त्या डब्यात ठेवायची. वेळ झाली की तळहातावर गोळी घ्यायची, माझ्यासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "गंगाधर किसन उमरे." मी "हो" म्हणायचो. मग गोळी कशाची ते ती सांगायची आणि मी तोंडात टाकायचो. रेखा हसायची. बाकी वेळ मी पुन्हा "अवो" झालो होतो. नाव फक्त औषधापुरतं.

मग एक दिवस डॉक्टरांनी फोटो काढला. कोपऱ्यातलं नाव मी आधी वाचलं, मग फुप्फुस पाहिलं. धुकं गेलं होतं. "गोळ्या बंद," ते म्हणाले. आनंदाची गोष्ट होती. पण परतताना गाडीत मी संपलेल्या गोळ्यांचं पाकीट हातात फिरवत होतो. मंदानं विचारलं, काय झालं? मी पाकीट खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी ती चहा घेऊन आली. कप समोर ठेवला. "अवो, घ्या, थंडा होते."

मी कपाला हात लावला नाही.

"काय झालं? साखर कमी पडली?"

"हा चहा माझाच कशावरून?" मी म्हणालो.

तिनं कपात डोकावून पाहिलं. मग तिला कळलं. तिनं दाराकडं पाहिलं, रस्त्यावर कुणी नाही हे बघितलं, पदर डोक्यावर ओढला आणि अगदी हळू आवाजात माझं नाव घेतलं.